बेपाऊलच्या खराट्याची गाठ

सरोजिनी नगर, लखनऊ
रविवार, २४ नोव्हेंबर १९८५

प्रिय माया,

तुझे पोस्टकार्ड मिळाल्याला आज एकोणीस दिवस झाले. सहा वर्षांत तू मला स्वतंत्रपणे लिहिलेले हे पहिलेच अक्षर. एरवी गीताआत्याच्या पत्राच्या तळाशी, जागा उरली तर, ‘बाबा को नमस्ते’ एवढे असे; आणि आत्याने आपले लिहून झाल्यावर कागद तुझ्यापुढे सरकवला असणार, हे त्या अक्षरांच्या घाईवरून मला कळत असे. या वेळी चार ओळी आहेत आणि चारही तुझ्या. ‘बाबा, बेपाऊल की किताब छप रही है। पूरे अड़तालीस पन्ने। प्रेसवाले पूछ रहे हैं, नाम क्या जाएगा, पवनीकर या गजभिये? आप जो कहें।’ लखनऊने तुझ्या लेखणीला दिलेली हिंदी नागपूरने काढून घेतलेली दिसत नाही. ‘आप जो कहें’ हे शेवटचे तीन शब्द मी रोज वाचतो. ज्या माणसाने तुझ्या चित्राला एकदा आपल्या घराचे नाव नाकारले, त्यालाच तू नाव विचारतेस. हा तुझा मोठेपणा समजावा की मला दिलेली शिक्षा, हे मला ठरवता आलेले नाही. दोन्ही मला मान्य आहेत.

इकडचे वर्तमान फार नाही. सेवानिवृत्तीनंतर बांधलेल्या या दोन खोल्यांत माझे बरे चालले आहे. थंडी या वर्षी लवकर आली. रेल्वेच्या आरेखन कार्यालयाने क्वार्टरवर वापरायला दिलेले आणि निरोपादाखल माझ्याकडेच राहू दिलेले नकाशांचे जुने मेज खिडकीपाशी ठेवले आहे; त्याच्या रुंद उथळ खणात रेल्वेचा एकही नकाशा नाही, तरी नकाशांच्या छापील प्रतींचा अमोनियाचा वास अजून येतो. पहाटे उठून स्नान, मग वंदना, मग पाली ग्रंथांचे थोडे वाचन. शेजारच्या मिश्राइन वहिनी विचारतात, ‘भाईसाहब, सबेरे-सबेरे कौन सा पाठ करते हैं? बड़ा मीठा लगता है.’ मी हसतो. खिडकी लावून, आवाज दाबून वंदना म्हणण्याची सवय आलमबागच्या क्वार्टरमध्ये लागली, ती स्वतःच्या घरातही सुटली नाही. असत्य भाषणापासून दूर राहण्याचे शील मी गेली एकोणतीस वर्षे दररोज ग्रहण करतो. आणि ते शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून खिडकी लावतो. या वाक्यातला विनोद तुझ्या लक्षात येईल. माझ्या तो फार उशिरा लक्षात आला.

तुला ठाऊक असलेलीच गोष्ट पुन्हा लिहितो, कारण मी ती तुला स्वतःच्या तोंडाने कधी सांगितलेली नाही. छप्पन साली नागपूरच्या मैदानावर तुझी आजी आणि मी शेजारी शेजारी उभे राहून दीक्षा घेतली. त्या दिवशी परतताना आजीच्या चालण्यात असा काही ताठा होता, की मला तिच्या बरोबरीने चालताना दम लागला. पाच वर्षांनी माझी बदली लखनऊला झाली. निघण्यापूर्वी मी राजपत्रात जाहिरात देऊन गजभियेचा पवनीकर झालो. पवनी हे आपले गाव, तेव्हा नाव खोटे नाही, असे आईला समजावले. ती म्हणाली, ‘नाव खोटं नाई रे, पण पयलं काऊन पुसतं?’ इथल्या लोकांना गजभिये काय आणि पवनीकर काय, दोन्ही सारखेच अपरिचित. भीती होती ती आपल्याच माणसांची. आडनाव ऐकताच घर ओळखणारी मराठी माणसे लखनऊला मोजकी, पण दर रविवारी मराठी मंडळाच्या सभागृहात भेटणारी. मी तिथे गेलो, प्राचीन ग्रंथांवर दोन व्याख्याने दिली, आणि तिसऱ्या व्याख्यानाला कार्यवाह चंद्रशेखर अभ्यंकरांनी माझा परिचय ‘आमचे शास्त्रीबुवा’ असा करून दिला. मी ब्राह्मण आहे असे मी एकदाही म्हटले नाही. नाही असेही म्हटले नाही. अनेक वर्षे मी या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत राहिलो आणि तिलाच शील समजलो. वर्कशॉपमधला आपल्याच समाजातला वायरमन दयाराम दर वैशाखी पौर्णिमेला विहारात बोलवायला येई. दर वर्षी त्या दिवशी माझे पोट बिघडे. चौथ्या वर्षी तो दारातूनच म्हणाला, ‘तब्येत सांभाळा साहेब, पौर्णिमा पुढच्या सालीही हाय.’ त्यानंतर तो आला नाही.

तुझी आई तू चार वर्षांची असताना गेली. तेव्हापासून तू आजीच्या मांडीवर आणि माझ्या मेजाखाली वाढलीस. माझ्या रद्द झालेल्या नकाशांच्या पाठी हे तुझे चित्रांचे कागद. अकराव्या वर्षी तुला चित्रकथांचे वेड लागले. गुप्ताजींच्या दुकानातून तू भाड्याने आणायचीस: पाठीवर झूल बांधून उडणारे, भिंती फोडणारे, मुखवटा घालून नगराचे रक्षण करणारे ते परदेशी वीर. मी रागावत असे. एकदा तू म्हणालीस, ‘बाबा, ये लोग अपने यहाँ होते, तो कब होते?’ तो प्रश्न मला आवडला. मी तुला सांगितले की जुन्या ग्रंथांत ऋद्धींची वर्णने आहेत. साधक पाण्यावर चालतात, भिंतीतून आरपार जातात, एकाचे अनेक होतात. परंतु लोकांना दिपवण्यासाठी त्यांचे प्रदर्शन करणे भिक्खूंना वर्ज्य आहे. तू गाल फुगवून म्हणालीस, ‘फिर फ़ायदा क्या?’ आजी तांदूळ निवडत होती, ती इतकी हसली की ताट कलंडले.

पण वीर तुला माझ्या ग्रंथांतून मिळाले नाहीत, ते तिच्याकडून मिळाले. तिच्या आजीच्या तोंडची ती हकिगत तिने तुला सांगितली, जी तुझ्यापर्यंत पोहोचू नये म्हणून मी जपत होतो. पेशवाईच्या काळी आपल्या लोकांना नगरात शिरायचे तर गळ्यात गाडगे बांधावे लागे, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. आणि कमरेला मागे खराटा, आपली पावले आपणच पुसत जाण्यासाठी. सकाळ-संध्याकाळ शिरायची बंदी, कारण तेव्हा सावल्या लांब पडतात. ऐकून तू रडशील असे मला वाटले होते. तू पेन्सिलीला टोक करायला बसलीस. आठ दिवसांनी आठ कागद झाले. त्या परदेशी वीरांच्या पाठीवर झूल असते, तुझ्या वीराच्या पाठीशी खराटा होता. आणि त्याची पावले उमटत नसल्यामुळे सबंध राज्याच्या फौजेला त्याचा माग लागत नव्हता. त्याला दिलेल्या शिव्या त्याच्या गाडग्यात साठत, आणि त्याने गाडगे उपडे केले की गडगडाट होऊन ज्याची त्याची शिवी ज्याच्या त्याच्या अंगावर परत जाई. त्याची बहीण सावली. दिवस कलला की तिची सावली वाढत वाढत वेशीवरून आत शिरे आणि तोफा थंड पडत. नाव तू ठेवलेस बेपाऊल. अर्धा शब्द लखनऊचा, अर्धा आजीचा. ज्या गोष्टींनी आमच्या सात पिढ्या खाली वाकल्या, त्याच गोष्टी एका तेरा वर्षांच्या मुलीने शस्त्रे करून त्याच्या हाती दिल्या होत्या. मी ते कागद पाहिले आणि, हे आज लिहितो आहे, मला त्या चित्रांची भीती वाटली. ‘छान आहे, घरातच ठेव,’ एवढेच मी म्हणालो.

तू ती घरात ठेवली नाहीस. मंडळाच्या गणेशोत्सवात त्या साली, शहात्तर साली, मुलांची चित्रस्पर्धा होती. विषय ‘इतिहासातील वीर’. परीक्षक तिघे: अभ्यंकर, शाळेत कला शिकवणाऱ्या लतिकाबाई आणि शास्त्रीबुवा. चित्रांवर नावे नव्हती, क्रमांक होते. लतिकाबाई एकेक कागद बाजूला ठेवत म्हणत होत्या, ‘अहो, सगळ्यांनी घोडेच काढलेत! बारा घोडे, आणि त्यातले सात लंगडे.’ मग तुझे कागद आले. त्यांनी चष्मा पुसला. ‘हे बघा,’ त्या म्हणाल्या, ‘हे मूल चित्रकार होणार. पहिलं बक्षीस इथेच संपलं.’ अभ्यंकरांनी खराटा पाहिला, गाडगे पाहिले, आणि हळूच म्हणाले, ‘चित्र चांगलं आहे हो, पण गणपतीपुढे हे? असलं कोणाच्या घरात सांगतात मुलांना?’ त्यांनी कागद उलटा केला. मागे आमच्या कार्यालयाचा नकाशा होता, मालडब्याच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, आणि कोपऱ्यात माझी आद्याक्षरे. ते हसून म्हणाले, ‘शास्त्रीबुवा! हा तर तुमचा कागद!’ त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता, हेही लिहिले पाहिजे. सभागृहातली पंधरा-वीस माणसे वळली. तू दाराशी उभी होतीस, दोन्ही वेण्यांना आजीने बांधलेल्या लाल फिती होत्या, आणि मी आता बोलेन म्हणून तू माझ्याकडे पाहत होतीस.

मी म्हणालो, ‘आमच्याकडे एक म्हातारी कामाला आहे, तीच काहीबाही सांगत असते पोरीला. आमच्या घरातलं नाही हे.’

माया, हे वाक्य मी एकोणीस दिवसांत चार मसुद्यांतून गाळले होते. या पाचव्यात ते जसेच्या तसे लिहिले आहे. तेव्हा पायरीवरून पाय घसरला असेही मला म्हणता येत नाही, कारण ती पायरी मी वर्षानुवर्षे घडवत होतो. मंडळाची माणसे क्वार्टरवर आली की हातांवर गोंदण असलेली, नऊवारी नेसलेली आई स्वयंपाकघरातून चहा आणून ठेवी आणि न बोलता आत जाई. कोणी तिला ‘बाई, पाणी द्या हो’ म्हटले तर मी दुसरा विषय काढी. इतरांचा समज मी दुरुस्त करत नव्हतो एवढेच, असे मी स्वतःला सांगत असे. त्या दिवशी तो समज मी माझ्या जिभेने उच्चारला. आणि त्यावर न थांबता मी परीक्षक म्हणून तुझ्या कागदांवर लाल पेन्सिलीने ‘विषयबाह्य’ असा शेरा लिहिला. नकाशांवर अक्षरे काढून माझा हात बसलेला. तो शेरा फार सुबक आला आहे. पहिले बक्षीस एका लंगड्या घोड्याला मिळाले.

आपण रिक्षाने परत निघालो. चारबागचा पूल ओलांडला, तेव्हा तू एक एक करून दोन्ही फिती सोडल्यास आणि मुठीत धरल्यास. घरी आजी दारातच होती. तिने विचारले, ‘काय भेटलं वो माय, तुह्या चित्राले?’ मला वाटले, आता तू सांगशील. तुला तो हक्क होता. तू माझ्याकडे न पाहता म्हणालीस, ‘कुछ नहीं आजी, घोड़ेवाले जीत गए.’ आजी म्हणाली, ‘घोडा काय, कोनीबी काढते.’ तेरा वर्षांच्या मुलीने त्या दिवशी मला वाचवले, म्हणजे तिलाही माझ्यासाठी खोटे बोलावे लागले. त्यानंतर तू घरी चित्र काढताना मी पाहिले नाही, आणि तीन वर्षांनी दहावीचा निकाल हाती पडताच तू गीताकडे निघून गेलीस. ‘शिकायला जाते’ असे मी सर्वांना सांगितले. मंडळात तर नागपूर हे नावही घेतले नाही. वर्ध्याच्या एका वसतिगृहात आहे, असे सांगितले.

आता ती गोष्ट, जी तुला ठाऊक नाही. तुझे आठ कागद मी फाडले नव्हते. मेजाच्या खणात, रद्द नकाशांच्या खाली ठेवले होते. एकोणऐंशीच्या जानेवारीत आजी अंथरुणाला खिळली. तू सकाळी शाळेत गेलीस की मी तिच्यापाशी बसत असे. एके दिवशी ती म्हणाली, ‘पोरीनं तो खराटेवाला काढला होता, तो दाखव मले.’ मी कागद काढले. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, त्यामुळे तो लाल शेरा तिला वाचता आला नाही. पण बोट त्यावर ठेवून तिने विचारले, ‘हे काय लिवलं?’ माया, मी म्हणालो, ‘उत्तम, असं लिहिलंय.’ तिने एकदा माझ्याकडे पाहिले. मग कागद उन्हाकडे धरून बेपाऊलची कंबर निरखून म्हणाली, ‘पोरीले सांग, खराटा असा नाई बांधत. गाठ डाव्या अंगाले येते, म्हंजे उजवा हात मोकळा रायते. माह्या आजीनं दाखवलं होतं मले, तिच्या लुगड्याच्या काठानं.’ आणि अशक्त बोटांनी तिने स्वतःच्या पदराची ती गाठ मारून दाखवली, दोन वेढे आणि एक फास. मी ती समासात पेन्सिलीने काढून घेतली, तीन बाजूंनी, जशी यंत्राच्या भागाची आकृती काढतात तशी. नंतर डोळे मिटून ती म्हणाली, ‘चहा मीच देत होती नं सगळ्याइले. मले समजते रे सगळं.’ अकराव्या दिवशी ती गेली. तिचा निरोप मी तुला सांगितला नाही. कारण तो सांगायचा तर शेऱ्याचे सांगावे लागले असते, आणि तिला मी जे खोटे वाचून दाखवले त्याचेही.

आयुष्यभर वाचलेल्या ग्रंथांत मला एक गोष्ट नेहमी मोहवत आली आहे. तिला सत्यक्रिया म्हणतात. सर्प डसलेल्या मुलापाशी बसून थोर माणसे आपल्या मनातले सत्य उच्चारतात, आणि त्या बळावर विष उतरते. तारुण्यात मला वाटे की ते सत्य तेजस्वी असले पाहिजे, पुण्याईचे. पुन्हा वाचू लागलो तेव्हा दिसले की काही कथांत ते सत्य अगदी लाजिरवाणे असते: मी आनंदाने दान दिले नाही, मी या व्रतात मन लावून राहिलो नाही. आणि तरी विष उतरते. उडण्याची, अदृश्य होण्याची ऋद्धी ग्रंथांनी कनिष्ठ मानली. आणि मी मात्र अदृश्य होण्याचीच साधना करत राहिलो. तुझ्या बेपाऊलच्या कमरेला खराटा राज्याने बांधला होता. माझ्या कमरेला तो कोणी बांधला नव्हता, माया. मी तो राजपत्रात छापून, आपणहून बांधून घेतला, आणि मागे वळून माझ्या आईची पावलेही पुसत आलो.

आता तुझ्या प्रश्नाकडे. आपल्या मंडळातली एक रीत तुला आठवत असेल: कोणीही देशाकडे निघाले की घरोघर विचारते, काही न्यायचे आहे का, आणि ज्याच्या त्याच्या नातलगांची पुडकी पत्ता लिहून त्याच्या ट्रंकेत जातात. चोवीस वर्षांत माझे एकही पुडके गेले नाही. इतरांच्या पुडक्यांवर महाल, धंतोली, धरमपेठ असे लिहिलेले असे; माझ्या पुडक्यावर इंदोरा, म्हणजे आपल्या लोकांची वस्ती, लिहावे लागले असते, आणि तो पत्ता वाचून नागपूर पाहिलेल्या माणसाला पुढे काही विचारावे लागत नाही. काल चंद्रशेखरराव अभ्यंकर आले होते. पुतणीच्या लग्नाला उद्याच्या गाडीने सहकुटुंब नागपूरला निघाले आहेत. ‘शास्त्रीबुवा, मुलीला काही द्यायचं असेल तर द्या. वर्ध्याला कोणाच्या तरी हाती पोहोचवू,’ म्हणाले. मी म्हणालो, ‘ती वर्ध्याला नाही. नागपुरातच असते. उद्या या, पुडके तयार ठेवतो.’ आज पाच वाजता ते येतील. पुडक्यात तुझे आठ कागद आहेत, लाल शेऱ्यासह. तो मी खोडलेला नाही. समासातली गाठ पाहा आणि छपाईपूर्वी बेपाऊलच्या खराट्याची गाठ डाव्या अंगाला घे. ती तुझ्या आजीची दुरुस्ती आहे, माझी नाही. हे पत्रही आतच ठेवतो आहे. वर पुठ्ठ्यावर मोठ्या, ठसठशीत अक्षरांत लिहिले आहे: कु. माया मधुसूदन गजभिये, द्वारा गीताबाई, इंदोरा, नागपूर. पुस्तकावरही हेच नाव घाल, आणि एक प्रत इथल्या मंडळाच्या वाचनालयाकडे पाठव. माझ्या धैर्यावर मात्र विसंबू नकोस. या माणसाला तू ओळखतेस. म्हणून आधी हे पाहा, की पुडके कोणी आणून दिले. टपालवाल्याने दिले असेल, तर समज की पाच वाजता दारावर थाप पडली आणि तुझ्या बापाचे पुन्हा पोट बिघडले. तरीही नाव तेच छाप, मला विचारू नकोस. आणि दारात चंद्रशेखरराव स्वतः उभे असतील, तर त्यांना आत बोलाव, बसव. चहा ठेव. ते विचारतील, आणि बहुधा चाचरत विचारतील, की शास्त्रीबुवांकडची ती म्हातारी कोण होती. माझ्या दारात मला ते सांगता आले असेल की नाही, कोण जाणे. तू सांग.

तुझाच बाबा,
सुभद्राबाई गजभिये यांचा मुलगा मधुसूदन